ताओयातेदुता: हरणार हे ठाऊक असून लढाईला उभा राहिलेला डकोटा सरदार

उत्तरवारा

मँकेटो हे मिनेसोटा राज्यातलं नदीकाठचं गाव, मिनियापोलिसपासून गाडीने दीडेक तास. तिथल्या सार्वजनिक वाचनालयासमोर रस्ता ओलांडला की पांढरट चुनखडीचा एक भलामोठा बायसन बसवलेला दिसतो. जवळच एका फलकावर ३८ नावं आहेत. २६ डिसेंबर १८६२ ला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, इथे ३८ डकोटा (इथल्या मूळ आदिवासींपैकी एक जमात) पुरुषांना एकाच चौथऱ्यावर, एकाच क्षणी फाशी दिलं. अमेरिकेत इतक्या माणसांना एकाच वेळी फाशी ना आधी दिलं गेलं होतं, ना नंतर.

मी त्या यादीत एक नाव शोधत होतो आणि ते सापडेना. या फाशीआधी १८६२ मध्ये डकोटा आणि गोरे यांच्यात जे युद्ध झालं, ते बरीच वर्षं ज्याच्या नावाने ओळखलं जायचं तोच त्यात नाही. मग घरी येऊन वाचायला लागलो. दोन हिवाळे त्यातच गेले, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

इंग्रजीत त्याला लिटल क्रो म्हणतात, म्हणजे 'छोटा कावळा'. हे मुळात चुकीचं भाषांतर. त्याच्या आजोबांचं नाव होतं चेतानवाकुवामानी, 'चालत शिकार करणारा ससाणा' अशा अर्थाचं. गोऱ्यांनी ससाण्याचा कावळा केला आणि तो कावळा तीन पिढ्या चिकटला. नातवाचं खरं नाव ताओयातेदुता, अर्थ साधारण 'त्याचे लाल लोक'. जन्म १८१० च्या सुमाराचा, मिसिसिपीकाठच्या कपोसिया गावात. आज तिथे साउथ सेंट पॉल आहे.

सरदारकी त्याला वारसाने सहज मिळाली नाही. वडील वारले तेव्हा तो दूर पश्चिमेला सासुरवाडीच्या लोकांत राहत होता (त्याच्या चार बायका होत्या, चौघी सख्ख्या बहिणी, वाहपेटन या डकोटांच्याच एका शाखेच्या सरदाराच्या मुली). १८४६ मध्ये तो परतला तो होडीतून. काठावर सावत्र भाऊ बंदुका घेऊन उभे. उतरलास तर मारू, असा निरोप आधीच गेलेला. हा उतरला आणि छातीवर हातांची घडी घालून समोर उभा राहिला. गोळी दोन्ही मनगटांच्या आरपार गेली. फोर्ट स्नेलिंगच्या लष्करी डॉक्टरांनी हात कापायला सांगितलं, याने नकार दिला आणि आपल्या वैदूंकडून उपचार करून घेतले. हात वाचले, पण मनगटं कायमची वाकडी झाली आणि बोटं नीट वळेनात. पुढे आयुष्यभर तो लांब बाह्यांचे कपडे घालत असे. ही मनगटं लक्षात ठेवा, शेवटी परत येतील.

लोकांनी त्यालाच सरदार केलं. त्याने गावात मिशनरी डॉक्टर बोलावला, दारू आटोक्यात आणायचा प्रयत्न केला, थोडं लिहावाचायला शिकला. चर्चमध्ये जायचा, पण धर्म शेवटपर्यंत आपलाच ठेवला. गोऱ्यांशी बोलणी करायला याच्याइतका तरबेज माणूस डकोटांत दुसरा नव्हता. आणि मला वाटतं, त्याचा घात तिथेच झाला.

१८५१ च्या उन्हाळ्यात दोन तह झाले, एक त्राव्हर्स दे स्यू इथे आणि दुसरा मेंडोटाला. दक्षिण मिनेसोटाची जवळजवळ सगळी जमीन, दोन कोटी एकरांहून जास्त, गेली. बदल्यात मिनेसोटा नदीच्या दोन्ही काठांना मिळून वीस मैल रुंदीचा एक पट्टा आणि वर्षासन. मेंडोटाच्या तहावर पहिली सही ताओयातेदुताची. त्राव्हर्स दे स्यूला तर सह्या चालू असताना सरदारांपुढे आणखी एक कागद सरकवला गेला. तहाचीच प्रत समजून त्यांनी त्यावरही निशाण्या केल्या. प्रत्यक्षात ते व्यापाऱ्यांचं कर्जखत होतं. कुणाकडे किती येणं हे फक्त व्यापाऱ्याच्या वहीत, आणि ती वही डकोटाला वाचता येत नाही. सावकारी कुठलीही असो, तिची वही अशीच असते.

१८५८ मध्ये त्याला वॉशिंग्टनला नेलं. महिनोन् महिने थांबवून घेतलं आणि शेवटी नदीच्या उत्तरेकडचा अर्धा पट्टाही लिहून घेतला. सिनेटने पुढे त्याचा भाव ठरवला एकरी ३० सेंट, आणि तेही बहुतेक 'कर्जापोटी' व्यापाऱ्यांकडे गेले. त्या दौऱ्यातला त्याचा एक फोटो आहे. त्यात तो चिडलेला वाटत नाही. दमलेला वाटतो. (हे माझं वाचन, फोटोवर लादलेलंही असू शकेल.)

परत आल्यावर लोक म्हणू लागले, याने जमीन विकली. १८६२ च्या वसंतात खालच्या (नदीच्या खालच्या भागात राहणाऱ्या) डकोटांचा मुख्य वक्ता निवडायचा होता, त्यात तो हरला. ज्या माणसाला लोकांनी नुकतंच नाकारलं होतं, त्याच्याच दारात ते चार महिन्यांनी मध्यरात्री आले.

१८६१ चं पीक अळीने खाल्लं होतं, हिवाळा उपाशी गेला. वर्षासनाचं सोनं जूनच्या अखेरीस यायला हवं होतं, पण तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, आणि पैसे सोन्यात द्यायचे की नव्या कागदी नोटांत यावर वॉशिंग्टनमध्ये घोळ चाललेला. कोठारात धान्य होतं, पण डकोटांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी, एजंट गॅलब्रेथ, पैसे आल्याशिवाय ते वाटायला तयार नाही. ४ ऑगस्टला वरच्या एजन्सीवर (एजन्सी म्हणजे एजंटची सरकारी कचेरी, वरची आणि खालची अशा दोन होत्या) लोकांनी कोठार फोडलं. व्यापारी उधार देईनात. अँड्र्यू मायरिक नावाच्या व्यापाऱ्याने 'भूक लागली असेल तर गवत खा' असं म्हटल्याचं सांगतात. शब्द नक्की काय होते यावर वाद आहे, पण ताओयातेदुताने महिन्याभरात लिहवून घेतलेल्या पत्रात ही गोष्ट आहे, तेव्हा ती नंतर रचलेली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी तो एजन्सीवरच्या चर्चमध्ये जाऊन आला. त्याच दिवशी तिकडे अॅक्टनजवळ शिकारीला गेलेल्या चार तरुणांनी पाच वसाहतवाल्यांना मारलं. भांडण कुठून निघालं, तर म्हणे कुंपणाजवळ सापडलेल्या कोंबडीच्या अंड्यांवरून. रात्री सगळे त्याच्या घरी जमले. आता गोरे सूड घेणारच, तर आपणच आधी उठू, असं तरुणांचं म्हणणं. कुणीतरी त्याला भित्रा म्हणालं.

त्याने दिलेलं उत्तर त्याच्या मुलाच्या आठवणीतून काही दशकांनी छापलं गेलं. त्यामुळे शब्द तंतोतंत तेच असतील असं मी म्हणणार नाही. आशय असा: गोरे टोळधाडीसारखे आहेत. एक मारा, दहा मारा, दहाच्या दहापट येतील. दिवसभर बोटं मोजत बसा, तुमची बोटं मोजून व्हायच्या आत त्यांचे बंदूकवाले येऊन पोचतील. कडक थंडीत भुकेले लांडगे सशांना मारतात तसे तुम्ही मराल. आणि मग: ताओयातेदुता भित्रा नाही. तो तुमच्याबरोबर मरेल.

टोळधाड हा निव्वळ अलंकार नव्हता. १८५० च्या जनगणनेत मिनेसोटाची लोकसंख्या ६,०७७. १८६० मध्ये १,७२,०२३. सगळे डकोटा मिळून सात हजारांच्या आतबाहेर. हा माणूस वॉशिंग्टनपर्यंत आगगाडीने जाऊन आला होता, वाटेतली शहरं त्याने पाहिली होती. त्या खोलीत गणित येत होतं ते बहुधा त्याला एकट्यालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी युद्ध सुरू झालं. ७१,००० डॉलरचं सोनं फोर्ट रिजली या लष्करी ठाण्यावर पोचलं तेही त्याच दिवशी, १८ ऑगस्टला.

युद्ध जेमतेम सहा आठवडे चाललं. ते तपशील प्रतिसादांत येतील तसे लिहितो, धागा फार लांबला.

कुमुद_व

वाचून काढलं एका दमात. सोनं एक दिवस आधी पोचलं असतं तर, हा विचार जाईना. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

तर्कटराव

लेख चांगला आहे, पण मला पटला नाही. भावनेच्या भरात एक गोष्ट निसटतेय. ज्याला आकडे कळत होते, ज्याला माहीत होतं की याचा शेवट विनाश आहे, त्याने 'मी तुमच्याबरोबर मरेन' म्हणणं हे नेतृत्व कसं? नेत्याचं काम नाही म्हणण्याचं. चार पोरांना पकडून द्यायचं, बोलणी करायची. आणि या सहा आठवड्यांत जे मेले ते कोण होते? व्यापारी आणि एजंट थोडे. बाकी नुकतेच जर्मनी-स्कँडिनेव्हियातून आलेले शेतकरी, त्यांच्या बायका, मुलं. तहाचे कागद त्यांनी पाहिलेही नव्हते. सहाशेच्या आसपास आकडा वाचल्याचं आठवतं. लेखात त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

उत्तरवारा

@तर्कटराव, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक ओळ हवी होती. अंदाज चारशेपासून आठशेपर्यंत जातात, सहाशे हा बऱ्याच ठिकाणी येणारा आकडा. पहिल्या दोन दिवसांत शेतांवर, वाटेत, बेसावध असताना बहुतेक मारले गेले. त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांना बायका-मुलांना मारल्याबद्दल झापलं, ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांनाच मारायला हवं होतं असं सुनावलं, असं नोंदलेलं आहे. पण थांबवू शकला नाही. हत्या झाल्या हे त्याच्या खात्यावर राहणारच.

पण 'नाही म्हणायचं' हे तुम्ही आपल्याकडच्या राजाच्या चौकटीतून बोलताय. डकोटांमधला सरदार हुकूम देत नाही. त्याच्याकडे ना पगारी फौज, ना तुरुंग. तो बोलून पटवतो, पटलं तर लोक येतात. शिकारीची आणि लढाईची शिस्त योद्ध्यांच्या मंडळाकडे असते, आणि त्या उन्हाळ्यात तरुणांनी असं मंडळ उभं करून सरदारांना बाजूला सारलंच होतं. त्याने नाही म्हटलं असतं तरी युद्ध झालं असतं. फक्त त्याच्याविना.

पन्हाळा_मेल

लष्करी बाजू मी थोडी लिहितो, कारण 'हुकूम चालत नाही' याचा अर्थ तिथेच कळतो.

१८ तारखेला रेडवुड फेरीवर कॅप्टन मार्शची तुकडी दबा धरून बसलेल्यांच्या तोंडी सापडली. २४ सैनिक मेले, मार्श नदीत बुडाला. त्या क्षणी फोर्ट रिजलीमध्ये अगदी मोजके लोक उरले होते. आणि नावात 'फोर्ट' असलं तरी त्याला तटबंदीच नव्हती! मोकळ्या माळावर चौकोनात मांडलेल्या इमारती, तीन बाजूंनी ओढ्यांच्या घळी. १९ ला सकाळी ताओयातेदुता, मँकेटो (हा सरदार, गाव नव्हे) आणि वाम्दितान्का (बिग ईगल) किल्ल्याजवळ जमले. सरदारांचं म्हणणं, आत्ता घेऊ, नदीचं खोरं मोकळं होईल. तरुणांना हवं होतं जवळचं न्यू उल्म गाव. दुकानं, घरं, लूट. ते तिकडे गेले.

त्या एका दिवसात किल्ल्यात कुमक आली. २० ला आणि मग २२ ला आठशेच्या आसपास योद्ध्यांनी हल्ला केला तेव्हा आत तोफा सज्ज होत्या. आदल्या दिवशीच्या पावसाने छपरं ओली, त्यामुळे पेटते बाणही लागेनात. २२ ला तो स्वतः जखमी झाला. न्यू उल्मवर २३ ला मोठा हल्ला झाला, १९० इमारती जळल्या, २५ ला सुमारे दोन हजार लोक गाव सोडून मँकेटोकडे निघाले. म्हणजे गाव जवळजवळ घेतलं, पण ज्याची गरज होती तो किल्ला राहिला.

वाम्दितान्काने बत्तीस वर्षांनी, १८९४ मध्ये आपली हकीकत सांगितली. डकोटा बाजूने या लढाया समजून घ्यायच्या तर तिच्याशिवाय पर्याय नाही.

रेवती_ज

पन्हाळा, शेवटच्या, वूड लेकच्या लढाईतला बटाट्यांचा किस्सा राहिला!

पन्हाळा_मेल

हो हो, तो कसा विसरलो. २३ सप्टेंबर. सिबली हा गोऱ्यांच्या फौजेचा प्रमुख, त्याची फौज तळ ठोकून बसलेली. ताओयातेदुताचं म्हणणं होतं रात्री तळावर चालून जाऊ. बैठकीत ते टिकलं नाही. त्याऐवजी सकाळी फौज रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंनी गवतातून उठायचं, असं ठरलं. तर झालं असं की सकाळी तिसऱ्या मिनेसोटा पलटणीतले काही शिपाई, कुणाला न विचारता, गाड्या घेऊन जवळच्या शेतात बटाटे खणायला निघाले. गाड्या रस्ता सोडून थेट गवतात लपलेल्या लोकांच्या अंगावर आल्या. उठावंच लागलं. सापळा तिथेच फुटला, आणि बरेचसे योद्धे इतके लांब होते की त्यांना लढाईत उतरताच आलं नाही. मँकेटो सरदार तोफगोळ्याने मेला. युद्ध संपलं.

तर्कटराव

हे सगळं माझ्याच बाजूचं आहे की! ज्याचं एकही ऐकलं जात नाही, तो सेनापती कसला?

भुईमूग

तर्कटराव, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण दिशा उलटी लावून बघा. सेनापती म्हणून तो अपयशीच. मला त्याची पत्रं जास्त बोलकी वाटतात.

बर्च कूलीच्या लढाईनंतर (२ सप्टेंबर, या लढाईत तो नव्हता, तो दुसऱ्या दिशेला बिग वूड्सकडे गेला होता) सिबलीने रणांगणावर एका काठीला चिठ्ठी अडकवून ठेवली: लिटल क्रोला काही बोलायचं असेल तर माणूस पाठव, त्याला संरक्षण मिळेल. ७ सप्टेंबरला याने एका मिश्रवंशीय माणसाकडून इंग्रजीत उत्तर लिहवून घेतलं. आम्ही हे युद्ध कशासाठी सुरू केलं ते सांगतो, अशी सुरुवात. मग एजंट, व्यापारी, भुकेली मुलं, मायरिकचं गवत. दोघांची ओळख जुनी होती, एकत्र शिकारीला गेलेले. सिबली स्वतः फरचा व्यापारी, आणि १८५१ च्या तहात कर्ज वसूल करून घेणाऱ्यांतला एक. म्हणजे तक्रार कुणाकडे? तर सावकाराकडे. सिबलीचं उत्तर असं की आधी कैदी परत कर, मग माणसासारखं बोलू.

१२ तारखेच्या पत्रात सूर बदललेला आहे. माझ्या लोकांसाठी तह कसा करता येईल ते मित्र म्हणून सांग, असं विचारलंय. त्याच दिवसांत त्याच्याच छावणीत शांतता हवी असलेला गट सिबलीला वेगळा निरोप पाठवत होता, याच्यापासून लपवून.

कुमुद_व

म्हणजे सगळे डकोटा युद्धात नव्हतेच?

उत्तरवारा

नव्हतेच. आणि हे जितक्या वेळा सांगावं तितकं थोडं. वरच्या एजन्सीचे सिसेटन आणि वाहपेटन बहुसंख्य बाहेर राहिले. पॉल माझाकुतेमानी भर बैठकीत उभा राहून विचारायचा, आम्हाला न विचारता युद्ध सुरू केलंत, आता आम्ही का मरायचं? अनेक डकोटांनी वसाहतवाल्यांना लपवलं, रातोरात बाहेर काढलं. शेवटी शांततावाद्यांनीच कैद्यांना आपल्या ताब्यात घेऊन सांभाळलं, आणि २६ सप्टेंबरला सिबलीकडे २६९ जण सुपूर्द केले. त्यातले १६२ मिश्रवंशीय.

शिक्षा मात्र झाली सगळ्यांना. सोळाशेहून अधिक लोक, मुख्यतः बायका, मुलं, म्हातारे, तो हिवाळा फोर्ट स्नेलिंगखालच्या कुंपणात राहिले. दगावलेल्यांचे अंदाज १३० पासून ३०० पर्यंत जातात. १८६३ मध्ये काँग्रेसने तह रद्द केले, आणि उरलेल्यांना बोटीत घालून आजच्या साउथ डकोटातल्या क्रो क्रीकला नेलं. गव्हर्नर रॅमझीने युद्ध चालू असतानाच म्हटलं होतं की यांचा नायनाट करा, नाहीतर राज्याच्या सीमेपलीकडे कायमचं हाकला. त्या शब्दांचा जाहीर निषेध मिनेसोटाच्या गव्हर्नरने केला २०१२ मध्ये. दीडशे वर्षांनी.

फोर्ट स्नेलिंग विमानतळाला लागून आहे. भारतातून कुणी आलं की आपण त्यांना घ्यायला जातो तो रस्ता त्याच्याच अंगावरून जातो.

चास्काकर

नवा सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. आयडी बघून कळलं असेल, मी चास्का गावात राहतो. मिनियापोलिसच्या नैऋत्येला, बरीच मराठी घरं आहेत आजूबाजूला. इतकी वर्षं मला वाटायचं हे पोलिश वगैरे नाव असेल. चास्का म्हणजे डकोटा भाषेत पहिला मुलगा. पहिली मुलगी असेल तर विनोना, आणि त्या नावाचंही गाव आहे. शेजारचं शाकोपी म्हणजे सहा, ते एका सरदाराचं नाव. मिनेसोटातलं 'मिनी' म्हणजे पाणी.

यातली एक गोष्ट वाचल्यापासून गावाच्या पाटीकडे पाहवत नाही. मँकेटोत फाशी दिलेल्यांत एक 'चास्का' होता. डॉक्टरची बायको सारा वेकफील्ड आणि तिच्या मुलांना त्याने पूर्ण युद्धभर जपलं. तिने लष्करी न्यायालयापुढे तसं सांगितलं. लिंकनने ज्यांची शिक्षा कायम केली त्या यादीत तो नव्हता. तरी फाशी गेला, कारण जवळपास त्याच नावाचा दुसरा एक माणूस यादीत होता. प्रत्येक घरात थोरल्याला चास्का म्हणतात. अशा लोकांत नाव पुकारून माणूस उचलायचा!

रेवती_ज

बापरे.

आणि ते खटले तरी काय होते. ३९२ जणांवर खटले, ३०३ ना फाशीची शिक्षा. एका दिवशी चाळीसहून जास्त. काही तर पाच मिनिटांत आटोपले. वकील नाही. लढाईत गोळी झाडली असं कबूल केलं की झालं. युद्धात गोळी झाडणं हा खून कसा, हे कुणी विचारलं नाही. लिंकनने कागद मागवून घेतले आणि 'लढाईत भाग' आणि 'कत्तलीत भाग' असा फरक करून यादी ३९ वर आणली. आणखी एक ऐनवेळी सुटला. यादवी युद्धाच्या गदारोळात तेवढं तरी त्याने केलं. बिशप व्हिपलचा त्यात वाटा होता, तो आधीपासून लिहीत होता की एजन्सीची व्यवस्था सडलेली आहे.

तर्कटराव

बरं. हे वाचून मी थोडा मऊ पडलोय हे मान्य करतो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. बाकीचे फाशी गेले, कैदेत मेले, हद्दपार झाले. 'तुमच्याबरोबर मरेन' म्हणणारा कुठे होता? पळाला ना?

उत्तरवारा

हाच प्रश्न येणार याची वाट बघत होतो.

हो, वूड लेकनंतर दुसऱ्या दिवशी तो शेदीडशे लोकांसह पश्चिमेला निघाला. थांबला असता तर पहिला दोर त्याच्यासाठीच होता. हिवाळाभर तो इतर जमातींकडे मदत मागत फिरला, कुणी धूप घातली नाही. मे १८६३ मध्ये फोर्ट गॅरीला (आजचं विनिपेग) गेला. १८१२ च्या युद्धात डकोटा ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते, त्याची आठवण करून दिली. ब्रिटिशांनी थोडं अन्न दिलं, दारूगोळा दिला नाही.

मग तो परत मिनेसोटात आला, ज्या एका ठिकाणी जायला नको होतं तिथे. बरोबर मोजकी माणसं. उद्देश घोडे चोरायचा होता असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. त्या टोळीने वाटेत एका वसाहतवाल्याला मारलंही, आणि त्याचा कोट याच्या अंगावर होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

३ जुलै १८६३ च्या संध्याकाळी, हचिन्सन गावाजवळ, तो आणि त्याचा सोळाएक वर्षांचा मुलगा वोविनापे झुडपांत रास्पबेरी तोडत होते. नेथन लॅमसन नावाचा शेतकरी आणि त्याचा मुलगा चॉन्सी तिथून जात होते. नेथनने गोळी झाडली. उत्तरादाखल झाडलेल्या गोळीने नेथन जखमी झाला, चॉन्सीची गोळी याला वर्मी लागली. एका बाजूला बाप-लेक, दुसऱ्या बाजूलाही बाप-लेक. त्याने पाणी मागितलं. वोविनापेने मेलेल्या बापाच्या पायांत नवे मोकॅसिन (चामडी जोडे) घातले, अंगावर घोंगडी टाकली आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी ४ जुलै. स्वातंत्र्यदिन. प्रेत हचिन्सनमध्ये आणलं तेव्हा तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी नाकाकानांत फटाके लावले. प्रेताची टाळू सोलून घेतली, धड कत्तलखान्याची घाण टाकायच्या खड्ड्यात गेलं. काही आठवड्यांनी उत्तरेला वोविनापे सैनिकांच्या हाती लागला आणि त्याने सांगितलं, ते माझे वडील. मग लोकांनी पुन्हा जाऊन पाहिलं आणि पटली ती ओळख मनगटांवरून. सतरा वर्षांपूर्वी जी कापू दिली नाहीत, त्या मनगटांवरून. नेथनला राज्याने ५०० डॉलर दिले, चॉन्सीला टाळूचं बक्षीस म्हणून ७५.

भुईमूग

हचिन्सनला नदीवरच्या बंधाऱ्यापाशी आता त्याचा पुतळा आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे होतो. त्याच गावात. लोक समोर बसून मासे पकडत होते.

तर्कटराव

५०० डॉलर. आणि सगळ्या डकोटांचं वर्षाचं सोनं ७१,०००. दर माणशी किती पडत होतं याचा हिशेब मी काल रात्री करून पाहिला. वरच्या-खालच्या सगळ्यांना सारखं वाटलं तर जेमतेम दहा डॉलर.

उत्तरवारा

@तर्कटराव, तो हिशेब मला सुचला नव्हता.

कुमुद_व

मुलाचं काय झालं पुढे?

उत्तरवारा

त्यालाही फाशीची शिक्षा झाली होती, ती अमलात आली नाही. आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या तुरुंगात इतर डकोटा कैद्यांबरोबर राहिला. तिथे तो ख्रिस्ती झाला आणि थॉमस वेकमन हे नाव घेतलं. सुटल्यावर साउथ डकोटात फ्लँड्रो इथे स्थायिक झाला, आणि १८७९ मध्ये डकोटांमधली पहिली वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) त्याने सुरू केली.

बापाची कवटी, टाळू आणि हातांची हाडं मिनेसोटाच्या इतिहास संस्थेकडे गेली होती. ती १९१५ पर्यंत चक्क प्रदर्शनात मांडलेली होती. घरच्यांनी विनंती केल्यावर तिथून काढून आत ठेवली, पण परत दिली नाहीत. ती परत मिळाली १९७१ मध्ये. फ्लँड्रोला दफन झालं तेव्हा वोविनापेचा मुलगा जेसी वेकमन, ऐंशीच्या पुढचा म्हातारा, तिथे हजर होता.

चास्काकर

फ्लँड्रो आमच्याकडून साधारण साडेतीन तास. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. कुणाला यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा.